लग्न भुमकानं लावलं, अर्जावर पंडिताची सही कुठून आणू?

प्रश्न : आम्ही दोघं गोंड. मे २०१८ मध्ये रामटेक तालुक्यातल्या आमच्या गावी भुमकानं (आमच्या समाजाच्या पुजाऱ्यानं) लग्न लावलं. पत्रिका छापली नव्हती. पत्नी माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आता आम्ही नागपुरात राहतो, पाच वर्षांची मुलगी आहे. नोकरीच्या ठिकाणी पत्नीचं नाव चढवायला विवाह प्रमाणपत्र हवं, पण कार्यालयात पंडिताची सही आणि पत्रिका मागतात. एक एजंट म्हणतो, मंदिरात पुन्हा लग्न लावून दाखला काढून देतो. दुसरा म्हणतो, स्पेशल मॅरेज अॅक्टखाली नोंदवा. काय करावं?

उत्तर : दोघांचंही ऐकू नका.

मंदिरातल्या लग्नावर आजची तारीख पडेल आणि मुलगी त्याआधीची ठरेल. उद्या वारसाहक्काचा वाद निघाला की समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. शिवाय तुमचं लग्न २०१८ मध्येच झालेलं आहे. ते झालंच नव्हतं असं कागदावर का आणायचं?

स्पेशल मॅरेज अॅक्टच्या कलम १५ नुसार आधी झालेलं लग्न नोंदवता येतं, हे खरं. पण त्यात निषिद्ध नात्यांची अट आहे आणि त्या यादीत मामाची मुलगी येते. रूढीची सूट या कलमात फक्त १९५४ चा तो कायदा लागू होण्यापूर्वीच्या लग्नांना आहे. तुमच्या समाजात मामा-आत्याच्या मुलांचं लग्न रीतीचं असलं तरी तिथं अर्ज अडेल.

हिंदू विवाह कायदाही तुम्हाला आपोआप लागू नाही. केंद्र सरकारनं अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही, असं कलम २(२) सांगतं.

तुमचा रस्ता म्हणजे विवाह नोंदणीचा महाराष्ट्राचा १९९८ चा कायदा. तो लग्न लावत नाही, झालेल्या लग्नाची नोंद घेतो. नमुना 'ड' मधलं ज्ञापन (नोंदणीचा अर्ज) भरा, त्यावर शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. पती, पत्नी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारा यांच्या सह्या लागतात. पंडिताच्या जागी सही भुमकाची. तो हयात नसेल तर लग्नाला हजर असलेल्या दोन ज्येष्ठांची प्रतिज्ञापत्रं जोडा. महानगरपालिकेच्या तुमच्या भागातल्या झोन कार्यालयात अर्ज द्या. भुमका आणि साक्षीदार गावचेच असतील तर गावच्या ग्रामपंचायतीत नोंद होईल का, ते आधी विचारा. तिथं ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) निबंधक असतो आणि सगळ्यांना नागपूरला आणायची दगदग वाचते. ९० दिवसांची मुदत उलटली म्हणून नोंद नाकारता येत नाही, विलंब शुल्क भरावं लागतं.

अर्जात विवाह कोणत्या वैयक्तिक कायद्यानुसार झाला हा रकाना असतो. बाबू सवयीनं 'हिंदू' लिहून मोकळा होतो. तुम्ही 'गोंड जमातीच्या रूढीनुसार' असंच लिहा. पुढं घटस्फोट किंवा वारसाचा प्रश्न आला तर 'हिंदू' हा एक शब्द तुमच्याविरुद्ध वाचला जाईल.

पत्रिकेऐवजी दोघांचं संयुक्त प्रतिज्ञापत्र द्या. त्यात लग्नाची तारीख, गाव, भुमकाचं नाव, कोणते विधी झाले, दोघांचे देव किती (सगा, म्हणजे सारख्या संख्येचे देव मानणाऱ्या कुळांचा गट, वेगळा असल्याचं त्यातून दिसतं) आणि मामाच्या मुलीशी लग्न समाजात चालतं हे स्पष्ट लिहा. हा मजकूर नोंदणीपुरता जास्तीचा वाटेल, पण गाळू नका. सूरजमणी स्टेला कुजूर प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, रूढीवर विसंबणाऱ्यानं ती मांडून सिद्ध करायला हवी. नोंदणी हा लग्न झाल्याचा भक्कम पुरावा आहे, पण लग्न वैध असल्याचा तो एकटा पुरावा नव्हे. लग्नाचे फोटो, मुलीचा जन्मदाखला, दोघांचे जातीचे दाखले एकाच फायलीत ठेवा.

वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागेल. लग्नाच्या दिवशी तुमची २१ आणि पत्नीची १८ वर्षं पूर्ण असायला हवीत. अर्ज बहुतेकदा परत येतो तो नावांवरून. आधारवर सासरचं नाव, दाखल्यावर माहेरचं. ज्ञापनात दोन्ही नावं लिहा आणि ती एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्रात टाका. लग्नाची तारीख सगळ्या कागदांवर एकच हवी.

तरीही अर्ज घेतला नाही तर तोंडी नकारावर परत फिरू नका. आवक शिक्का मारून पोच घ्या, नकाराचं कारण लेखी मागा. मग महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येतं. 'पंडिताची सही नाही' हे कारण कागदावर लिहायला सहसा कुणी धजावत नाही.