सेन्सर बादलीत बुडवायचा की काहिलीत?

प्रश्न : सर नमस्कार. मी ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम इंजिनिअरिंगच्या) शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज कोल्हापुरातच. ग्रुपमध्ये आम्ही चौघं. महिना झाला, टॉपिकच ठरत नाहीये. एक म्हणतो फेस रेकग्निशनची अटेंडन्स सिस्टीम करू, युट्यूबवर सगळं आहे. दुसरा म्हणतो पुराचा अलार्म करू, कोल्हापूरचा प्रॉब्लेम आहे, मार्क पडतील. तिसरा तर दुकानात विचारून पण आलाय, रिपोर्ट आणि पीपीटीसकट तयार प्रोजेक्ट मिळतो म्हणे. गाईड सर म्हणतात काहीतरी आयओटीचं, म्हणजे इंटरनेटला जोडलेलं, आणा. मला कोडिंग बरं जमतं पण सोल्डरिंगला हात थरथरतो. बजेट चौघांचं मिळून पाचेक हजार. त्यात मामाचं कागल तालुक्यात गुऱ्हाळ आहे, दिवाळीनंतर सुट्टी मिळाली की मला तिकडं जावं लागतं, त्यामुळं वेळ पण कमी. काय निवडावं?

उत्तर : भावा, तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तू शेवटी, तक्रार म्हणून लिहिलीस. त्यावर येतोच, आधी बाकीच्या तिघांचं बघू.

तयार प्रोजेक्ट घ्यायचा असेल तर मला विचारायची गरजच नव्हती. आमच्या वेळी आमच्या ग्रुपनं तेच केलं होतं, दुकानातनं बोर्ड आणला, वर ॲक्रेलिकचा डबा, आत लाल-हिरव्या एलईडी, दिसायला नाद खुळा. एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरनं आलेल्या परीक्षकांनी, एका रेझिस्टरवर पेन ठेवून एवढंच विचारलं, हा दहा के का, एक के का नाही? चौघंही छताकडं बघत होतो. मार्क दिले त्यांनी, दया म्हणून, पण तो पंखा मला अजून आठवतोय.

फेस रेकग्निशन वाईट नाही, फक्त त्यात तुमचं काय ते सांग. मॉडेल दुसऱ्याचं, लायब्ररी दुसऱ्याची, चेहरे तेवढे तुमच्या वर्गातले.

आणि पुराचा अलार्म. २०१९ चा आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या गावात हा विषय सुचणारच, त्यात चूक काही नाही. पण राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका पातळी गाठते ती पावसाळ्यात, आणि तुमचं हार्डवेअर चालू होणार जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा नदीत काय मोजणार? मग टेबलावर प्लास्टिकची बादली येते, वर अल्ट्रासॉनिक सेन्सर, एकजण तांब्यानं पाणी ओततोय आणि बझर वाजतोय. एक्स्टर्नलनी ती बादली खूप वेळा बघितलेली असते रे.

आता मामाचं गुऱ्हाळ. अरे, ज्या वेळेला तुझ्या हातात चालणारं सर्किट असेल नेमकी त्याच वेळेला काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, पेटलेली असणार, टॉपिक आणि सीझन असा जुळून आलेला मी तरी कमी बघितलाय. रोज आधणं (रस आटवायच्या खेपा) निघणार, म्हणजे रोज नवीन रीडिंग.

प्रश्न साधा ठेव. रस आटत जातो तसं त्यातलं पाणी कमी होतं आणि उकळायचं तापमान वर चढतं. पाक गुळाला येतो तो साधारण ११६ ते १२० डिग्रीच्या पट्ट्यात. लवकर उतरवला तर गूळ मऊ पडतो, उशीर झाला की करपतो. तो क्षण गूळ करणारा गुळव्या कसा ओळखतो? पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी करून बघतो, झालं. तुमचा प्रोजेक्ट म्हणजे, गुळव्यानं 'उतरवा' म्हटलं तेव्हा थर्मामीटर काय दाखवत होता, आणि पुढच्या वीस-तीस आधणांना तुमचं यंत्र त्याच वेळी लाईट लावतं का. बस्स. गुळव्याला घरी बसवायचं मशीन असं नाव चुकूनही देऊ नको, एक तर ते खरं होणार नाही आणि दुसरं म्हणजे तो तुला काहिलीजवळ उभा करणार नाही.

सेन्सरचं नीट ऐक. वॉटरप्रूफ वायरवाला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर बहुतेक पोरं घेतात, तो घेऊ नको. त्याची मर्यादा १२५ डिग्री, म्हणजे आपण अगदी काठावर, आणि वरची पीव्हीसी वायर त्या उष्णतेत मऊ पडते. के टाईप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमानाचा सेन्सर) स्टीलच्या प्रोबमधला घे, सोबत त्याचा आकडा वाचणारं मॅक्स६६७५ चं मॉड्यूल आणि एक ईएसपी३२, म्हणजे कोड टाकायचा छोटा बोर्ड. सगळं तुमच्या बजेटच्या बरंच आत बसतं, सोल्डरिंग पण जवळपास नाहीच, स्क्रू टर्मिनल आणि जंपर वायर. मॅक्स६६७५ ला एक रीडिंग घ्यायला साधारण पाव सेकंद लागतो, त्याच्या आधी परत परत विचारत राहिलास तर आकडा एकाच जागी अडकून बसतो आणि पोरं मॉड्यूल खराब म्हणून परत द्यायला जातात. बोर्ड चुलाणापासून लांब ठेव.

तो चिप पाव डिग्रीपर्यंत आकडा दाखवतो म्हणून तेवढा बरोबर असतो असं समजू नको, दोन-चार डिग्रीचा फरक सहज निघतो. म्हणून आधी घरी पातेल्यात पाणी उकळून बघ. तिथं १०० आलं नाही म्हणून घाबरू नको, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथं पाणी ९८ च्या जवळपासच उकळतं. त्याच हिशोबानं पुस्तकातला पाकाचा आकडा पण आपल्याकडं दोनेक डिग्री खाली येईल. ही एक गोष्ट व्हायवात (तोंडी परीक्षेत) स्वतःहून सांगितलीस तर समोरचा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसेल.

प्रोब कुठं धरायचा ह्यात खरी मारामारी आहे. तळाला टेकला तर जाळ मोजतोय, वर ठेवला तर फेस. मामाला विचारून काहिलीच्या काठाला एक क्लॅम्प करून घे, खोली रोज तीच ठेव, आणि वहीत तारीख, ऊस तोडून किती वेळ झाला, रसातला मळ काढायला भेंडीचं पाणी घातलं का, सगळं लिही. गाईड सरांना आयओटी पाहिजे ना, मग ईएसपी३२ मधनं तो ग्राफ मामाच्या मोबाईलवर पाठव, वायफाय आहेच त्यात.

तयारी मात्र दसऱ्यापर्यंत उरकायला पाहिजे. आणि बाकीच्या तिघांना एकदा ताजा रस पाजायला ने, पटवायला भाषण लागणार नाही.

प्रश्न : मी मेकॅनिकलची. शिरोली एमआयडीसीत ओळखीच्या फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट मिळतोय, मालक म्हणाले 'रिजेक्शन कमी करा'. घेऊ का?

उत्तर : घे, पण हा टॉपिक नाही, त्यांची रोजची डोकेदुखी आहे. त्यातला एकच जॉब (पार्ट) आणि एकच डिफेक्ट माग, समज ब्लो होल, म्हणजे गॅस अडकून धातूत राहणारं भोक. मग ग्रीन सँडचा, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूचा, ओलावा रोज पहिल्या पाळीला मोज : ५० ग्रॅम वाळू, १०५ ते ११० डिग्रीला पूर्ण वाळवायची, परत वजन, जेवढं घटलं तेवढं पाणी. त्याच्यासमोर त्या दिवशीचे ब्लो होल मांड. वाळूचा आणि डिफेक्टचा संबंध नाही निघाला तरी तो निकालच आहे, मग गॅस, कोअर (आतली पोकळी ठेवणारा साच्यातला भाग), व्हेंट (गॅस बाहेर जायची भोकं) यांच्याकडं बघायचं. फक्त सुरुवात करायच्या आधी मालकांकडनं लेटरहेडवर लिहून घे की रिजेक्शनचं रजिस्टर बघायला मिळेल. ते द्यायला का-कू करत असतील तर तुम्हाला प्रोजेक्ट नाही, चार फुकटचे हेल्पर म्हणून बोलावलंय.