पौर्णिमेला चंद्रावरचे खड्डे का दिसत नाहीत?

प्रश्न : शाळेत १०×५० ची द्विनेत्री दुर्बीण आहे. पौर्णिमेला मुलांना चंद्र दाखवला, तर नुसताच पांढरा गोळा दिसला. आपल्या लोणारएवढं विवर तिच्यातून दिसेल का? आणि विक्रम लँडर?
– एक शिक्षक, ता. लोणार, जि. बुलडाणा

उत्तर : दुर्बीण ठीक आहे, तिथी चुकली. पौर्णिमेला चंद्रावरचं ऊन आपल्या पाठीकडून पडतं. सावल्या दिसत नाहीत आणि सावलीवाचून खड्डा कळत नाही. शुद्ध पंचमी ते दशमीच्या रात्री निवडा. उजेड-अंधाराच्या सीमेवर नजर ठेवा. तिथे सूर्य नुकताच उगवत असतो. षष्ठीला थिओफिलस विवर (सुमारे १०० किमी), अष्टमी-नवमीला टॉलेमियस (सुमारे १५० किमी), दशमीला कोपर्निकस (९३ किमी). टायकोचे पांढरे पट्टे मात्र पौर्णिमेलाच बघावेत.

लोणार सुमारे १.८ किमी रुंद. ३ लाख ८४ हजार किमीवरून ते जेमतेम एका विकलेचं, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागाएवढं भरेल. त्यासाठी १५०-२०० मिमी भिंगाची किंवा आरशाची दुर्बीण हवी, शिवाय हवा शांत हवी. चांद्रयान-३ चा विक्रम तर दोनेक मीटरचा. तो पृथ्वीवरून दिसत नाही. त्याचा फोटो चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरने चंद्राभोवती फिरता फिरता काढला. लोणारचं महत्त्व वेगळं आहे : आघाताने बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, पडलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी, आणि चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच. म्हणून चंद्राचे अभ्यासक तुमच्या तालुक्यात येतात.

आता जुळवणी. डावा डोळा उघडा ठेवून मधलं चाक फिरवा, मग फक्त उजव्या डोळ्याने उजवीकडची कडी. दुर्बीण तिपाईवर बसवा. दहापट प्रतिमेत हाताचा कंपही दहापट होतो. टिनाच्या छपरावरून किंवा दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून बघू नका, वर चढणाऱ्या गरम हवेने चंद्र लहरत राहतो. मोकळं शेत बरं. थंडीत भिंगावर दव आलं तर दुपट्ट्याने पुसू नका. धुळीने ओरखडे पडतात. आपोआप वाळू द्या.

प्रश्न : प्रज्ञान रोव्हर पुन्हा का चालू झाला नाही?
– विद्यार्थिनी, जि. यवतमाळ

उत्तर : तो सौरऊर्जेवर चालायचा, आणि चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे १४ दिवसांचा. २३ ऑगस्ट २०२३ ला तिथे सकाळ असताना विक्रम उतरला. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघांना निद्रावस्थेत ठेवलं. पुढची रात्रही तितकीच लांब, आणि थंडी शून्याखाली शंभर अंशांहून कितीतरी जास्त. बॅटरी आणि सर्किटं तेवढ्या गारठ्यासाठी बनवलेलीच नव्हती. सूर्य उगवल्यावर इस्रोने संपर्काचा प्रयत्न केला, पण उत्तर आलं नाही. ठरलेलं काम मात्र तोवर झालं होतं. मातीत गंधक सापडलं ते त्याच दिवसांत.