गप्प बसणं म्हणजे होकार, पण कधी?

अ. उ. आ. (अनेक उत्तम आशीर्वाद, आमच्या पिढीची सवय आहे, हसू नको.)

तुझा मेसेज परवा रात्री वाचला, तीनदा वाचला, कारण त्यात राग भरपूर आणि माहिती चिमूटभर. "मराठी अक्षरांचा बग टाकून तीन आठवडे झाले, कुणी ढुंकून बघत नाही, हे लोक ठरवतात तरी कसं, वशिला लागतो का" असं विचारलंयस. वशिला नसतो गं. म्हणजे ओळखीच्या माणसाचा पॅच (दुरुस्तीचा कोड) जरा लवकर बघितला जातो, खोटं कशाला बोलू, पण तुझं तिकीट (त्या बगची नोंद) त्यामुळं पडून नाहीये. तू प्रश्नच विचारला नाहीस, तक्रार केलीस.

आधी एक गैरसमज काढून टाक. डेस्कटॉप ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) बनवणारी टीम म्हणजे मोठं टेबल, भोवती दहा शहाणे, आणि प्रत्येक गोष्टीवर हात वर, असं काही नसतं. डेबियनमध्ये (ही लिनक्सवरची एक ओएस, पुढं येणारे फेडोरा आणि उबुंटू तसलेच) तर १९९८ च्या त्यांच्या घटनेपासून साधा हिशोब आहे, ज्याचं काम त्याचा निर्णय. पॅकेज, म्हणजे त्यातला एकेक प्रोग्राम, ज्याच्याकडे, तो ठरवतो. टेक्निकल कमिटी आहे, पण ती भांडण हाताबाहेर गेलं तरच. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिस्टमडी (मशीन सुरू होताना बाकी सगळं चालू करणारा प्रोग्राम) घ्यायचं का नाही यावर कमिटीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर निकाल लागला. लोक अजून तीच गोष्ट चघळतात आणि वाटतं की रोजचा कारभार असाच चालतो, पण तो चालतो "करू का?" आणि "कर" यावर, आणि बहुतेक वेळा त्या "कर"चीसुद्धा कुणी वाट बघत नाही.

आता गप्प बसण्याचं सांगतो, कारण तुझं दुखणं तिथंच आहे. या जगात दोन प्रकारची शांतता असते. "मराठी फार घाण दिसतंय" असं लिहिलंस आणि कुणी बोललं नाही, तर ते तिकीट मेलं. पण "मराठी लोकॅलला (भाषेच्या सेटिंगला) अमुक फॉन्ट डीफॉल्ट करायचा पॅच जोडलाय, शुक्रवारपर्यंत कुणाची हरकत नसेल तर मर्ज करावा (मूळ कोडात घ्यावा)" असं लिहिलंस आणि तरी कुणी बोललं नाही, तर तीच शांतता परवानगी होते. मेंटेनरला, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याला, फक्त बटण दाबायचं उरतं, विचार तू करून ठेवलेला असतोस. त्या माणसाकडे नोकरी आहे, पोरं आहेत, दोनशे तिकिटं आहेत. त्याला "नको" म्हणायला कारण शोधावं लागेल असं लिही, "हो" म्हणायला नको.

फेडोरात तर हे नियमातच बसवलंय. तिथं नऊ जणांची निवडून आलेली इंजिनिअरिंग कमिटी आहे, फेस्को म्हणतात तिला. तिच्याकडं तिकीट गेलं की आठवडाभर थांबतात, किमान तीन +१ (होकार) पडले आणि एकही -१ (नकार) नसेल तर पास, मीटिंगसुद्धा नाही. एक जरी -१ पडला की मग मीटिंगच्या विषयपत्रिकेवर. ती मीटिंग चॅटवर चालते आणि त्यात बॉटला (नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामला) "अ‍ॅग्रीड" असं लिहून सांगतात की हे ठरलं, "अ‍ॅक्शन" लिहिलं की पुढं त्या माणसाचं नाव, काम त्याच्या गळ्यात. आपल्या गणेश मंडळाच्या बैठकीत ही सोय असती तर "मंडपवाल्याला कोण सांगणार होतं" यावरची निम्मी भांडणं मिटली असती, असो.

आणि बारीक गोष्टींवरही चुरस असते हं. फेडोरा ३३ मध्ये, २०२० साली, टर्मिनलमधला डीफॉल्ट एडिटर व्हीआय काढून नॅनो केला. मुद्दा एवढाच की नवखा माणूस गिट कमिट करायला (कोडमधल्या बदलाची नोंद करायला) जातो, समोर व्हीआय उघडतो आणि त्याला बाहेरच पडता येत नाही. यावर जाणत्या लोकांनी किती कळफलक झिजवले! त्याच रिलीझला (आवृत्तीला) डेस्कटॉपची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, बदलून बीटीआरएफएस केली, ते खरं जोखमीचं काम, पण एडिटरवर मत प्रत्येकाला असतं ना.

उलटंही होतं. उबुंटूनं जून २०१९ मध्ये जाहीर केलं की ३२ बिटची पॅकेजं बंद. त्यांच्या दृष्टीनं जुनी अडगळ साफ करायची होती, पण स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले गेम आणि विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाइन त्याच अडगळीवर उभे होते, गदारोळ झाला आणि आठवड्याच्या आत निवडक पॅकेजं ठेवतो म्हणून सांगावं लागलं. तेव्हा तुझा बदल तुला कितीही छोटा वाटू दे, त्यावर आणखी काय उभं आहे ते आधी बघ आणि तिकिटात लिही.

वेळेचं आता. २०१९ च्या पुरात तू शाळेत असशील. आपल्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि त्या ऑगस्टात पाणी ५७ च्या वर गेलं. आमच्या गल्लीत माणसं घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून अजून किती चढंल यावर वाद घालत होती, पण पुलावरच्या आकड्याशी कुणी वाद घालत नव्हतं, कारण तो आकडा पाऊस नसताना ठरलाय. रिलीझचे निकष तसेच. फेडोराच्या डेस्कटॉपवर डीफॉल्ट असलेलं प्रत्येक अ‍ॅप उघडलं पाहिजे आणि प्राथमिक काम केलं पाहिजे, हे आधीच लिहून ठेवलंय. शेवटच्या आठवड्यात बग आला की "किती वाईट आहे" असं कुणी विचारत नाही, "कुठला निकष मोडतो" एवढंच विचारतात. मोडत असेल तर तो ब्लॉकर (रिलीझ अडवणारा बग), आणि रिलीझ पुढं. २०२२ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणाऱ्या कोडात सुरक्षेचं गंभीर भोक सापडल्याची नुसती पूर्वसूचना आली, तपशील बाहेर यायचे होते, तरी फेडोरा ३७ पुढं ढकलला, तो १५ नोव्हेंबरला आला. नंतर कळलं की भोक वाटलं तेवढं मोठं नव्हतं. म्हणून कुणी कपाळाला हात लावला नाही.

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. एका प्रोजेक्टात (नाव कशाला) मी मराठी भाषांतर करायचो, मूळ इंग्रजी वाक्यात एक शब्द चुकलेला दिसला, दुरुस्त करून पाठवला, मर्जही झाला. मला वाटलं उपकार केले. पण तेव्हा स्ट्रिंग फ्रीझ लागला होता, म्हणजे मूळ वाक्यं बदलायची मुदत संपली होती, आणि मूळ वाक्य बदललं की सगळ्या भाषांतली ती ओळ पुन्हा इंग्रजी दिसायला लागते. मी एक शब्द सुधारला आणि जगभरच्या भाषांतरकारांचं काम वाढवलं, तेही मी स्वतः भाषांतरकार असून! एका ओळीच्या शेऱ्यासह तो बदल उलटा फिरवला गेला: पुढच्या रिलीझला आणा. दोन दिवस फुगून बसलो होतो.

आता तुझं तिकीट. "घाण दिसतंय" काढून टाक. तुझं म्हणणं मला कळलं, ल आणि श हिंदी वळणाचे दिसतायत, आपल्याला पाकळीचा ल आणि देठाचा श पाहिजे, २००९ च्या शासन निर्णयातसुद्धा तेच आहे. पण परदेशातल्या मेंटेनरला दोन्ही ल सारखेच दिसतात गं, त्याची काय चूक? दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लाव, "शाल" हा एकच शब्द, मोठ्या अक्षरात, दोन्ही अक्षरांभोवती लाल गोल काढ. मग तपास की फॉन्टमध्ये मराठी रूपं आहेतच का. असतील आणि अ‍ॅप मजकुराची भाषा मराठी म्हणून सांगत नसेल तर बग त्या अ‍ॅपचा, फॉन्टवाल्यांचा नाही, आणि मला वाटतं तू तीन आठवडे चुकीच्या दारावर थापा मारतीयेस. मग फ्रीझची तारीख बघ. मग एकच प्रश्न, एकच तारीख.

आणि -१ आला तर लगेच तीन परिच्छेद लिहू नको. "काय बदललं तर चालेल?" एवढंच विचार.

गुरुवारी कॉलेज सुटल्यावर विश्रामबागेत उतर आणि घरी ये, लॅपटॉप घेऊन, पाठवायच्या आधी तिकीट मला दाखव. काकूनं भडंग केलंय, पण "शाल"चे दोन स्क्रीनशॉट बघितल्याशिवाय मिळणार नाही.