वाचकांचे प्रश्न: चायकोव्स्कीची पत्रं किती खरी मानायची?

मागच्या अंकात रशियन संगीतकार चायकोव्स्कीबद्दल चार ओळी आल्या होत्या, त्यावर बरेच प्रश्न आलेत. काही एकत्र करून घेतेय.

प्रश्न: चायकोव्स्की आणि त्याला पैसे पुरवणारी ती श्रीमंत विधवा वर्षानुवर्षं पत्रं लिहीत होते पण भेटले कधीच नाहीत म्हणे. खरंय का? की आत वेगळंच काही शिजत होतं? (पुणे)

भेटले नाहीत हे खरं, शिजत मात्र काही नव्हतं. नादेझ्दा फॉन मेकचा नवरा रशियातला बडा रेल्वेवाला, तो 1876 मध्ये गेला, मागे अकरा मुलं, अमाप पैसा, आणि बाईंना संगीताचं वेड एवढं की घरी पगारी वादक ठेवलेले. त्यातला कोतेक नावाचा व्हायोलिनवाला चायकोव्स्कीचा विद्यार्थी, त्याच्या ओळखीने बाईंनी लहानसहान कामं दिली, पैसे मात्र दणकून दिले, आणि 1876 च्या डिसेंबरात पत्रं सुरू झाली. सुरुवातीची अगदी 'आदरणीय महोदय' छाप. पुढच्याच वर्षी चायकोव्स्कीने घाईघाईत लग्न केलं आणि दोन-तीन महिन्यांत त्यातून अक्षरशः पळून गेला (त्याची ओढ पुरुषांकडे होती, भाऊ मोदेस्तला लिहिलेल्या पत्रांत ते स्पष्ट आहे, त्यामुळे अफेअरचा मुद्दा तसाही निकालात निघतो). तेव्हा बाईंनी वर्षाला 6000 रूबल लावून दिले. न भेटण्याची इच्छा मुळात त्यांचीच, जितकी भुरळ वाढते तितकी ओळखीची भीती वाटते असं त्यांनी लिहूनच टाकलं होतं, आणि ह्यालाही ते सोयीचंच होतं.

पण पथ्य पाळायला काय कसरत करायचे बघा! 1878 मध्ये फ्लॉरेन्सला बाईंनी स्वतःच्या बंगल्याजवळच ह्याला घर घेऊन दिलं, रोज चिठ्ठ्या इकडून तिकडे, आणि बाई फिरायला कधी निघणार तेही त्यात कळवलेलं, म्हणजे चुकून समोरासमोर यायला नको. पुढच्या ऑगस्टमध्ये बाईंच्या इस्टेटीवर घोटाळा झालाच. हा जरा लवकर निघाला, त्यांना उशीर झाला, आणि जंगलातल्या रस्त्यावर दोन्ही गाड्या आमनेसामने. ह्याने हॅट उचलली, बाई गोंधळल्या, गाड्या पुढे गेल्या, बोलणं शून्य. मग ह्याने माफीचं पत्र लिहिलं, अर्थातच.

माझा आवडता भाग 1884 चा. बाईंच्या मुलाचं लग्न ह्याच्या भाचीशी झालं. म्हणजे हा मुलीचा मामा आणि बाई मुलाची आई! आपल्याकडे असतं तर मामा मुलीला घेऊन बोहल्यापाशी येणार आणि समोर विहीणबाई उभ्या, कुठे पळणार? त्यांनी तेही निभावलं.

प्रश्न: चौथ्या सिंफनीचा 'अर्थ' त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवलाय, मग टीकाकार अजून वाद का घालतात? (नागपूर)

कारण पत्र कोणाला लिहिलंय तेही बघावं लागतं ना. ही सिंफनी (म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) बाईंनाच अर्पण आहे, नाव न घालता, 'माझ्या सर्वोत्तम मित्रास' एवढंच. त्यांनी विचारलं ह्यात काही कथा आहे का, तर 1878 च्या सुरुवातीला फ्लॉरेन्सहून ह्याने सविस्तर लिहून पाठवलं: सुरुवातीला हॉर्न आणि बासून ही फुंकवाद्यं जे दणक्यात वाजवतात ते नशीब, सुखाच्या आड येणारं, आणि शेवटच्या भागात, स्वतःत आनंद सापडत नसेल तर लोकांत जा, त्यांची मजा बघ. तिथे बर्चच्या झाडाचं रशियन लोकगीत येतं. सगळं अगदी सुटसुटीत. पण त्याच पत्राला ताजा कलम आहे, की पाकिटात घालायच्या आधी पुन्हा वाचलं आणि हे किती तोकडं, धूसर झालंय ते बघून हादरलो.

आणि पुढच्याच महिन्यात जुना विद्यार्थी तानेयेव लिहितो की सर, पहिला भाग फार लांबलाय आणि प्रत्येक भागात बॅले म्युझिकसारखं काहीतरी ऐकू येतं. त्याला उत्तर देताना गुरुजी आधी फणकारतात, बॅले म्युझिक म्हणजे काय वाईट असतं का, आणि मग म्हणतात संगीतामागे कथा आहे पण ती शब्दांत मांडता येणं शक्य नाही, आणि मूळ कल्पना बेथोवनच्या पाचव्या सिंफनीवरून घेतलीये. बाईंना पानंच्या पानं, विद्यार्थ्याला 'शब्दांत येत नाही'. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं, पण सीडीच्या कव्हरवर फक्त पहिलंच छापतात ते चूक.

पहिल्या पियानो कॉन्चेर्तोचंही (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) तेच. 1874 च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी निकोलाय रुबिनस्टाइनने, म्हणजे मॉस्कोच्या संगीत महाविद्यालयातल्या (कॉन्झर्व्हेटरी) बॉसने, ती रचना ऐकून कशी चिंधड्या-चिंधड्या केली आणि ह्याने 'एक सूरही बदलणार नाही' असं कसं सुनावलं, हा किस्सा सगळीकडे सांगतात. तो येतो बाईंना तीन वर्षांनी लिहिलेल्या पत्रातून. नंतर ह्याने सूर बदलले, चांगले दोनदा हात फिरवला, आणि रुबिनस्टाइननेही त्याच रचनेचा मॉस्कोतला पहिला कार्यक्रम 1875 मध्येच कंडक्ट केला, पियानोवर तानेयेव.

प्रश्न: पैसे बंद का झाले? (बेळगाव)

1890 मध्ये बाईंनी कळवलं की आर्थिक अडचण आहे, आता जमणार नाही. तब्येत, कर्ज, मुलांचा दबाव, अभ्यासकांचं एकमत नाही. ह्याचं पैशावाचून अडत नव्हतं, 1888 पासून झारकडून वर्षाला 3000 रूबल पेन्शन होतीच. लागलं ते पत्रं थांबल्याचं. हा 1893 च्या नोव्हेंबरात गेला, बाई दोन-तीन महिन्यांत.

प्रश्न: प्रोफेसर म्हणून कसा होता? (मडगाव)

नाखूश. 1866 ला मॉस्कोत महिना 50 रूबलवर लागला, हार्मनी शिकवायचा, त्यावर पाठ्यपुस्तकही लिहिलं, पण शिकवण्याचा कंटाळा, बाईंचे पैसे सुरू झाल्यावर 1878 मध्ये नोकरी सोडली. परखड मात्र होता. बाईंनी 1880 मध्ये घरी पियानोला ठेवलेल्या एका फ्रेंच पोराचा छोटा पीस मत द्यायला पाठवला, तर ह्याचं उत्तर, गोड आहे पण फारच आखूड, एकही कल्पना शेवटापर्यंत नेलेली नाही. पोराचं नाव क्लोद देब्यूसी, पुढे नामवंत संगीतकार झालेला.

चायकोव्स्कीचा वर्ग पुढे तानेयेवने घेतला, आणि तानेयेवच्या हाताखालून राखमानिनोव आणि स्क्रियाबिन हे पुढचे मोठे रशियन संगीतकार गेले.