जर्मनचे डेर, डी, डास आणि आपले तो, ती, ते

प्रश्न : मी निपाणीजवळच्या गावात राहते. घरात मराठी आणि शाळेत कन्नड, असे माझे शिक्षण झाले. नर्सिंग पूर्ण करून आता जर्मनीत नोकरी मिळावी म्हणून मी जर्मन शिकत आहे. प्रत्येक नामाआधी पुल्लिंगी 'डेर' लावायचे, स्त्रीलिंगी 'डी' लावायचे की नपुंसकलिंगी 'डास', येथे माझे निम्मे गुण जातात. मामा म्हणतात, "मराठीतही तीन लिंगे आहेत, तो-ती-ते लावून बघ." मैत्रीण म्हणते, "आपली सीमाभागातली मराठीच लिंगाला कच्ची, मग जर्मन कशी जमणार?" मी नेमके काय करावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपल्या मामांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्या सत्याचे मोल मोठे आहे. निर्जीव वस्तूलाही लिंग असते, ही गोष्ट इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे जाणाऱ्याला मुळापासून पचवावी लागते; आपल्याला ती 'तो आंबा, ती चिंच, ते केळे' यांच्याबरोबरच मिळालेली आहे. मात्र कोणत्या शब्दाचे कोणते लिंग, याचे उत्तर मराठीकडे नाही. पुस्तक, घर, पाणी आणि वर्ष हे शब्द मराठीत 'ते' आहेत, आणि जर्मनमधील बूख, हाउस, वासर व यार यांनाही 'डास'च लागते. असे चार शब्द लागोपाठ जुळले की मामांच्या युक्तीवर विश्वास बसतो, आणि मग सूर्याशी गाठ पडते. आपला सूर्य 'तो', पण जर्मन झोने 'डी', म्हणजे स्त्रीलिंगी. खिडकी 'ती', पण फेन्स्टर 'डास'. दार 'ते', पण ट्यूर 'डी'. आठवडा 'तो', पण वोखे 'डी'. तेव्हा जुळणारे शब्द हा योगायोग समजावा आणि मराठी लिंगावरून जर्मन लिंगाचा अंदाज बांधणे आजपासून थांबवावे.

मैत्रिणीचे म्हणणे मात्र मला मान्य नाही. आपल्या भागात, कोल्हापूरकडच्याप्रमाणेच, पुष्कळ मुली 'मी येतो, मी जातो' असे बोलतात, हे खरे. पण तो बोलणाऱ्याप्रमाणे क्रियापद बदलण्या-न बदलण्याचा प्रश्न आहे, नामाच्या लिंगाचा नाही. तीच मुलगी 'भाकरी करपला' असे कधीही म्हणणार नाही. उलट सीमाभागात वाढल्यामुळे आपल्याकडे एक जास्तीची शिदोरी आहे. कन्नडमध्ये लिंग अर्थावरून ठरते : पुरुष, स्त्रिया आणि देवदेवता सोडल्यास बाकी बहुतेक सारे नपुंसकलिंगी. निपाणीच्या स्टँडवर गाडी आली की आपण मराठीत 'बस आली' म्हणता आणि शेजारच्या कन्नड बाईंना 'बस बंतु' असे सांगता. पहिल्या वाक्यात बस स्त्रीलिंगी आहे, दुसऱ्यात तीच नपुंसकलिंगी आहे, आणि आपली जीभ एकदाही अडखळत नाही. जर्मनमध्ये तीच गाडी 'डेर बुस', म्हणजे पुल्लिंगी. एकाच वस्तूची दोन भाषांत दोन लिंगे ज्या डोक्यात सुखाने नांदतात, त्यात तिसरे मावायला अडचण नाही. फक्त ते मराठीतून उसने आणू नये.

सर्वच शब्द घोकावे लागतात असेही नाही, कारण पुष्कळ ठिकाणी शब्दाचा शेवट लिंग सांगतो. '-उंग', '-हाइट', '-काइट' आणि '-शाफ्ट' हे प्रत्यय लागून झालेली नामे 'डी' घेतात, आणि आपल्या व्यवसायातील कितीतरी शब्द यांतच येतात : क्रांकहाइट म्हणजे आजार, उंटरझूखुंग म्हणजे तपासणी, बेहांडलुंग म्हणजे उपचार. '-ए'ने संपणारी नामेही बहुधा 'डी' असतात, जसे गोळीसाठी टाब्लेटे आणि इंजेक्शनसाठी श्प्रित्से. पण येथे सावध राहावे, कारण आउगे, म्हणजे डोळा, 'डास' आहे. जोडशब्दाचे लिंग शेवटच्या पदावरून ठरते. देव 'तो' असला तरी देवघर 'ते' होते, त्याच न्यायाने हाउस 'डास' असल्यामुळे क्रांकेनहाउस, म्हणजे रुग्णालय, हेही 'डास'. मुलीला 'डास मेडशेन' म्हणतात याचे अनेकांना नवल वाटते. तो '-शेन' या लघुत्व दाखवणाऱ्या प्रत्ययाचा परिणाम आहे, आणि आपल्याला त्याचे नवल वाटू नये, कारण आपलेही लेकरू, वासरू, कोकरू आणि पाखरू 'ते'च असते.

आता मुख्य उपाय. मराठीत लिंग विशेषणात दिसते आणि क्रियापदातही ऐकू येते : 'जुना वाडा पडला', 'जुनी भिंत पडली', 'जुने घर पडले'. जर्मन क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे तेथे नामाआधीचे उपपद, म्हणजे डेर, डी किंवा डास, गाळले की लिंगाची खूणच बहुधा पुसली जाते. म्हणून वहीत नुसते 'टिश' न लिहिता 'डेर टिश' लिहावे, आणि त्याच ओळीत विशेषणासह 'एक'चे रूप लिहून मोठ्याने म्हणावे : 'आइन आल्टर टिश', 'आइने आल्टे ट्यूर', 'आइन आल्टेस हाउस'. जुने टेबल, जुने दार, जुने घर. 'आल्टर, आल्टे, आल्टेस' ही आपल्या 'जुना, जुनी, जुने' यांचीच चाल आहे, आणि मराठी कानाला ती तक्त्यापेक्षा लवकर सापडते. मराठीचे लिंग आपण तक्त्यातून शिकलो नाही. शब्दाभोवतीच्या शब्दांतून ते कानात बसले. जर्मनलाही तशीच संगत द्यावी.

विभक्तीचा तक्ता मग फारसा भिववीत नाही. मराठीत विभक्तीसाठी नाम बदलते, जसे 'घर' पण 'घराला'. जर्मनमध्ये हा भार बराचसा उपपद उचलते. तीन लिंगे, अनेकवचन आणि चार विभक्ती मिळून १६ जागा होतात, पण त्यांत रूपे ६च आहेत. कर्मासाठी एकवचनात फक्त पुल्लिंगी 'डेर'चे 'डेन' होते, 'डी' आणि 'डास' तसेच राहतात. 'बसने' म्हणताना 'मिट डेम बुस' होते. मूळ लिंग चुकले तर ही पुढची रूपेही चुकतात, एवढ्यासाठीच पहिल्या दिवसापासूनचा हा आग्रह. अनेकवचनात मात्र आपली सुटका आहे : 'ते वाडे, त्या भिंती, ती घरे' असा भेद तेथे नाही, कर्त्याच्या जागी सर्वांना 'डी'.

एक गोष्ट आपल्या मैत्रिणीलाही सांगावी. निपाणीच्या तंबाखूला कोणी 'तो' म्हणतात, कोणी 'ती', आणि व्याकरणाची पुस्तकेही तो शब्द दोन्ही लिंगांत देतात. जर्मनमध्येही असे आहे. दह्यासाठीचा योगुर्ट 'डेर' आणि 'डास' दोन्ही चालतो. लोण्याला प्रमाण भाषेत 'डी बुटर' म्हणतात, पण दक्षिण जर्मनीच्या बोलींत 'डेर बुटर' ऐकू येते. त्या भागातील रुग्णालयात न्याहारीच्या वेळी एखाद्या आजोबांनी 'डेर बुटर' मागितले, तर ते चुकले असे समजू नये. परीक्षेत मात्र आपण 'डी बुटर'च लिहावे.