‘औषध आहे’ की ‘उतरवतो’?

प्रश्न असा : आयर्लंडमधल्या गावठी उपचारांवरच्या लेखात ‘ही हॅज द क्युअर फॉर द शिंगल्स’ असं वाक्य आहे. ‘त्याच्याकडे नागिणीवर औषध आहे’ हे भाषांतर चालेल का?

सहसा नाही. तिकडच्या खेड्यांत ‘क्युअर’ माणसाच्या अंगी असतो. कधी घराण्यातून आलेला, कधी निव्वळ जन्माने. सातव्या मुलाचा सातवा मुलगा गजकर्ण घालवतो. बाप गेल्यावर जन्मलेला माणूस तान्ह्या बाळाच्या तोंडात फुंकर घालतो, की तोंडातले पांढरे चट्टे जातात. माहेर-सासरचं आडनाव एकच असलेल्या बाईने दिलेला पावाचा तुकडा डांग्या खोकल्यावर चालतो. आणि डबक्यातल्या न्यूटला, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या बेडकाच्या भाऊबंदाला, ज्याने चाटलं त्याच्या जिभेला भाजलेलं बरं करायचा गुण येतो. (चाटायचं धाडस कोण करत असेल देव जाणे, पण १९३७ ते १९३९ मध्ये तिथल्या शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून वह्या भरल्या, त्यांत असले उपाय ढीगभर सापडतात.) यात बाटली नाही, काढा नाही. पैसे द्यायचे नाहीत. पुष्कळ ठिकाणी आभारही मानायचे नाहीत, नाहीतर गुण येत नाही म्हणे.

आपल्याकडे विंचू उतरवतात, कावीळ उतरवतात. तेव्हा सरळ ‘तो नागीण उतरवतो’ म्हणा. ‘हातगुण’ जवळचा वाटेल, पण तो डॉक्टरलाही असतो आणि कुठल्याही दुखण्याला चालतो. हा क्युअर एकाच दुखण्यापुरता. खरा जोडीदार आपला पायाळू : उसण भरली की त्याचा पाय लावून घ्यायचा, बाकी दुखण्यांशी त्याचा संबंध नाही.

‘तोडगा’ मात्र कुणीही करू शकतो. चामखिळीवर गोगलगाय चोळून ती काट्याला टोचून ठेवायची, ती वाळली की चामखीळ गेली, हा तोडगा. खाजरं नेटल लागल्यावर डॉकचं पान चोळणं म्हणजे साधा झाडपाला.

मूळ आयरिशमध्ये ‘लायस’ हा एकच शब्द औषध आणि बरं करणं दोन्हींना चालतो. शिवाय त्या भाषेत ‘टू हॅव’सारखं क्रियापद नाही, ‘टा लायस एगे’, म्हणजे शब्दशः ‘आहे उपाय त्याच्यापाशी’. तेव्हा तुमची ‘त्याच्याकडे आहे’ ही रचना चोख आहे, अडचण फक्त ‘औषध’ची. पुढच्या ओळीत तो मलम लावताना दिसला, तर तेही खुशाल राहू द्या.