सुरुवात मार्कपासून कर
पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्या पानापासून वाचायला घेतलंस आणि लेवीय या नियमांनी भरलेल्या पुस्तकात अडकलास, याचं मला नवल वाटलं नाही. ते पुस्तक सध्या बाजूला ठेव, पण कायमचं सोडू नकोस. आधी मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची कथा, वाच. अवघे १६ अध्याय आहेत, आणि येशू कोण हे कळल्याशिवाय बाकीचं नीट उलगडत नाही.

तू विचारलंस, "मी पुरेसा चांगला झालो की तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळेल का?" नाही रे. बायबलमधल्याच इफिसकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायातली ८ आणि ९ ही वचनं सावकाश वाच. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळतं. ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या २३व्या अध्यायातला, येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेला तो गुन्हेगार आठव. सत्कर्मं करायला त्याच्याकडे वेळच उरला नव्हता. त्याने फक्त आपली आठवण ठेवायची विनवणी केली, आणि त्याच दिवशीचं सुखलोकाचं वचन त्याला मिळालं. मला हे मनापासून पटायला वर्षं लागली; सगळं कमवूनच घ्यायची सवय सुटत नव्हती.

कृतीविना विश्वास निर्जीव आहे, असं याकोब बायबलमधल्या आपल्या पत्रात लिहितो तेव्हा गोंधळू नकोस. जिवंत झाडाला फळ येतं, एवढंच तो सांगतो.

शंका आल्या तर लपवू नकोस. मार्क ९:२४ मधला बाप येशूपुढे विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच दमात कबूल करतो. तसंच तूही प्रार्थनेत बोल.